चेपून लिहिलेलं बेट

‘काका, सफारीनंतर एक्स्टेन्शन घेणार ना?’ सहलींच्या ऑफिसातल्या मुलीनं विचारलं.

‘घरी आहे की एक,’ पेंटर म्हणाला. ‘वायरही चांगली लांब आहे. पण तिकडच्या हॉटेलांत भिंतीला प्लग नसतात होय?’

मुलीला आधी कळेना, आणि कळल्यावर हसू आवरेना. तिनं समोरचे कागद उगाचच टेबलावर आपटून सरळ केले. तसा पेंटरचा दोष नव्हता. उभा जन्म बोर्ड रंगवण्यात गेलेला माणूस तो. एक्स्टेन्शन म्हटलं की त्याच्या कानाला पुढचा शब्द बोर्ड असाच ऐकू येणार. मुलीनं मग नीट उलगडून सांगितलं. एवढं आफ्रिकेपर्यंत विमानानं जायचं, जीपमध्ये बसून जनावरं बघायची आणि आल्या पावली परत फिरायचं, हे लोकांच्या जिवावर येतं. म्हणून सफारी संपली की तिलाच जोडून दुसरं काहीतरी घ्यायचं. कुणी धबधबा घेतं, कुणी वाळवंट, कुणी समुद्र.

‘म्हणजे शेपूट,’ पेंटर म्हणाला.

‘तसंच म्हणा.’

‘मग आधीच तसं सांगायचं ना, पोरी! जनावरं बघायला जायचं आणि मागं शेपूट लावायचं. यात न कळण्यासारखं काय आहे?’

त्या ऑफिसात तेव्हापासून तोच शब्द रुळला म्हणतात. येणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारतात, सफारी शेपटाची हवी की बिनशेपटाची?

बाजाराच्या मागच्या गल्लीत पेंटरचं कामाचं ठिकाण होतं. कारखाना म्हणावं एवढं मोठं नाही, आणि खोली म्हणावी तर पाय ठेवायला जागा नाही. दारातच शिडी आडवी, तिच्यावर वाळत घातलेल्या पाट्या, खाली रंगांचे डबे. आतल्या एका भिंतीला तो ब्रश पुसायचा. इतकी वर्षं इतक्या रंगांनी पुसला, की त्या भिंतीला हाताएवढी जाड साय आली होती. शेजारचा शिंपी म्हणायचा, ‘पेंटर, तुमचं दुकान दरवर्षी आतून थोडं लहान होतं बरं का.’

गावातल्या निम्म्या पाट्या पेंटरच्या हातच्या. दवाखाना, पिठाची गिरणी, सायकल दुरुस्ती, शाळा. दातांच्या डॉक्टरसाठी त्यानं एकदा असा दणदणीत दात काढला, की महिनाभर लोक फ्लॉवरचा भाव विचारायला आत शिरत होते. डॉक्टर चिडला, पण पाटी त्यानं बदलली नाही, कारण भाव विचारायला आलेल्यांतले दोघं-तिघं दात काढून घेऊन गेले. पेंटरच्या उस्तादानं त्याला एकच गोष्ट मारून मारून शिकवली होती. आधी पाटीचा मध्य धर. मधलं अक्षर मध्यावर ठेव आणि तिथून दोन्ही बाजूंना चालू लाग. डावीकडून सुरुवात करून सुटतो तो गवंडी, पेंटर नव्हे. त्याला शेवटी जागा पुरत नाही, मग तो अक्षरं चेपतो. चेपलेलं अक्षर म्हणजे चारचौघांत शर्टाची बटणं चुकलेला माणूस.

हे झालं अक्षरांचं. रंगांचं खातं बायकोकडे.

लग्न होऊन आली तेव्हा ती डबे धुवायची, एवढंच. एक दिवस तो अग्निशमन दलाची पाटी करत होता. ती मागं उभी राहून म्हणाली, ‘अहो, हा तांबडा भांडतोय.’

‘कुणाशी?’

‘शेजारच्या पांढऱ्याशी. जरासा चॉकलेटी घाला, गप्प बसेल.’

त्यानं घातला. तांबडा गप्प बसला. त्या दिवसापासून रंग कालवायचा तो तिनंच. गल्लीनं तिला पेंटरीणबाई केलं. दुकानात रंगांना कंपनीनं दिलेली नावं कुणी घ्यायचंच नाही, तिची नावं चालायची. थकलेला पिवळा. नवऱ्यावर रुसलेला निळा. दुपारचा हिरवा, आणि पाहुणे गेल्यानंतरचा राखाडी. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, ‘आमच्या दाराला तो रुसलेला निळा द्या’, आणि पेंटर म्हणायचा, ‘जपून हं, घरात उतरतो.’ पुढं छापील फलक आले, निम्मं काम गेलं. पण हातानं लिहिलेलंच हवं म्हणणारी माणसं अजून होती, आणि ती येत होती ती पेंटरच्या अक्षरासाठी कमी आणि बाईंच्या रंगासाठी जास्त. हे पेंटर स्वतःच सांगायचा, आणि सांगताना त्याची कॉलर ताठ व्हायची.

तर अशा बाईच्या कोपरानं एकदा निळ्याचा डबा सांडला. चालायचंच. मग पिवळ्याचा सांडला. मग ती दाराच्या कडेला धडकली, जे दार लग्नापासून तिथंच होतं. रस्त्यात डाव्या अंगानं आलेला सायकलवाला तिला दिसलाच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरनं बरंच काय काय तपासलं आणि शेवटी स्वतःच्या मुठीची नळी करून डोळ्याला लावून दाखवली.

‘असं होत जाईल. कडा आधी जातात, मधलं राहतं. मग नळी बारीक होते.’

‘किती बारीक?’ पेंटरनं विचारलं.

‘शेवटी बंदही होऊ शकते. कधी, ते कुणालाच सांगता येणार नाही. काही जणांना खूप वर्षं मिळतात, काहींना नाही.’

दवाखान्यातून बाहेर पडताना बाईंनी पायरीवर पाय आधी टेकवून पाहिला, मग वजन टाकलं. पेंटरनं ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. ती धावत आली, आईच्या गळ्यात पडली, रडून झालं, आणि मग कामाचं बोलली. ‘आई, तुला आयुष्यात काय बघायचं राहिलंय, ते सांग. मी आणि तुझा जावई मिळून दाखवतो.’

बाईंनी विचार करून सांगितलं, ‘जिराफ.’

‘जिराफ?’

‘बालवाडीच्या भिंतीवर तुझ्या बाबांनी काढला होता, आठवतं? त्याच्या ठिपक्यांचा चॉकलेटी मी अंदाजानं कालवला. तो बरोबर होता की नाही, एवढं मला बघायचंय. पोरं वर्षानुवर्षं तो खरा समजून मोठी झाली.’

लेकीनं कपाळाला हात लावला. जगातली माणसं ताजमहाल म्हणतात, हिमालय म्हणतात, आणि हिला ठिपके तपासायचे. पण शब्द दिला तो दिला. सफारी ठरली. आणि कागदपत्रांसाठी पेंटर त्या ऑफिसात गेला, तिथं शेपटाचा शोध लागला.

आता इथून पेंटरचं डोकं फिरायला लागलं.

त्याच्या मनानं एकच घेतलं होतं, डोळे आहेत तोवर. पाण्याचा टँकर यायचा बंद होणार असं कळलं की माणूस घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवतो, वाट्यासुद्धा सोडत नाही, तसं त्याचं झालं. तो रोज संध्याकाळी काम आटोपून ऑफिसात जायचा. भिंतीवरची मोठी चित्रं बघायचा, मुलीला शंभर प्रश्न विचारायचा आणि घरी येऊन बायकोसमोर बसायचा.

‘अगं, एक धबधबा आहे म्हणे. एवढा मोठा, की त्याचा धूर मैलांवरून दिसतो. घेऊ या?’

‘बघू,’ बाई म्हणायच्या.

‘आणि एक वाळवंट. सगळी वाळू तांबडी! तू बघच तो तांबडा.’

‘बघू.’

‘पुढं डोंगरात माणसाएवढी माकडं आहेत.’

‘बघू हो.’

कुठल्याही संसारी माणसाला विचारा, बायको ‘बघू’ म्हणाली म्हणजे काय. नवी साडी दाखवली आणि ‘बघू’ म्हणाली, की साडी दुकानात परत. माहेरी कधी जायचं विचारलं आणि नवरा ‘बघू’ म्हणाला, की वर्ष गेलं. पेंटरला हे कळत नव्हतं असं नाही, त्याच शब्दावर त्याचा संसार चालला होता. पण या दिवसांत त्याच्या कानावर ‘बघू’ पडलं, की त्याला दोन उघडे डोळेच दिसायचे. ती बघू म्हणतेय, तिला बघायचंय! तो दुसऱ्या दिवशी जाऊन आणखी एक ठिकाण जोडून यायचा.

धबधबा जोडला. वाळवंट जोडलं. माकडांचा डोंगर जोडला. परतीच्या वाटेवर पिरॅमिड लागतात हे कळल्यावर तर तो खुर्चीवरून उठलाच. मुलगी म्हणाली, ‘काका, हे शेपूट आता मारुतीचं व्हायला लागलं.’ त्यावर पेंटर म्हणाला, ‘होऊ दे. त्यानं लंका जाळली, आपण नुसतं फिरतोय.’ शिंप्यानं टोमणा मारला, ‘पेंटर, बाह्याच लांब करत सुटलात, मधे अंगरखा आहे की नाही?’ लेकीला फोन केला, तर ती बिचारी म्हणाली, ‘बाबा, आईला हवं ते घाला, आमची ना नाही.’

आईला हवं ते. पेंटरला वाटलं, तेच तर चाललंय.

शेवटी एक बेट उरलं होतं. मुलीनंच सुचवलं, विमान त्याच बाजूनं येतं म्हणून. पेंटरनं तेही घालून टाकलं, भाजी घेतल्यावर कोथिंबीर घालून घेतात तसं.

मग त्याला वाटलं, हे सगळं बायकोला नीट दाखवावं. फोनवरचं बारीक तिला दिसायचं नाही. त्यानं एक जुना प्लायवूड काढला, काळा केला, आणि दुपारभर बसून पिवळ्या अक्षरांत सगळा प्रवास लिहिला. तिच्या डोळ्यांना सोपं जावं म्हणून अक्षरं टपोरी. ‘सफारी’ असं, की गल्लीच्या तोंडावरून वाचता यावं. त्याखाली धबधबा, त्याखाली वाळवंट. लिहिताना त्याचा हात असा आनंदात होता की खडूचा दोरा ताणून रेघा मारायचंही त्याला सुचलं नाही. बाईंना बोलावलं.

बाई आल्या. तिची वाचायची रीत आता बदलली होती. अख्खी पाटी एकदम दिसत नसे. अंधारात टॉर्च फिरवावा तशी नजर फिरवत, एकेक अक्षर उचलत ती खाली आली, आणि खालच्या कोपऱ्यात थबकली.

‘हे कुणी लिहिलं? शिकाऊ ठेवलाय की काय?’

‘का?’

‘हे शेवटचं काय आहे? डास बसल्यासारखं?’

पेंटरनं वाकून पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. पाटी संपत आली तरी ठिकाणं संपली नव्हती. पिरॅमिड दबलेले होते, आणि त्यांच्याही खाली, चौकटीला चिकटून, ‘बेट’ कसंबसं कोंबलेलं होतं. ‘बे’ची मात्रा पिरॅमिडच्या पोटात घुसली होती. उस्तादाचा मार खाऊन शिकलेल्या, सारी हयात मध्य धरून लिहिणाऱ्या माणसानं शेवटी अक्षर चेपलं होतं, आणि लिहिताना त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

‘पुसतो,’ तो म्हणाला. ‘पुन्हा लिहितो सगळं.’

‘थांबा. आधी सांगा तर, काय आहे ते?’

‘बेट आहे एक. त्याचं काही नाही एवढं.’

‘काय बघायचं असतं तिथं?’

‘बघायचं असं काही नाही. लवंगांच्या, दालचिनीच्या बागा. समुद्र. ती मुलगी सांगत होती, होडी लांब असतानाच वास येतो म्हणे. बघायला काही नाही विशेष. काढून टाकलं तरी चालेल.’

‘बघायला काही नाही?’

‘नाही म्हटलं ना.’

‘मग तेवढंच ठेवा,’ बाई म्हणाल्या. ‘जिराफ आणि बेट. बाकीचं सगळं पुसा.’

पेंटरला आधी चेष्टा वाटली. चेष्टा नाही हे कळल्यावर राग आला. माणूस सहसा न चिडणारा, त्यामुळे चिडायचं कसं हेही त्याला धड येत नसे. तो म्हणाला, ‘मी रोज मरमर मरतोय, तुला जग दाखवायला बघतोय, आणि तुला जिथं बघायला काही नाही तिथं जायचंय! मग आधीच सांगायचं ना!’

‘मी रोज सांगत होते. बघू, बघू.’

‘तेच तर! तू बघू म्हणालीस!’

बाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘या घरात बघू म्हणजे नाही, हे तुमच्या पोरीला बोबडं बोलायच्या वयात कळत होतं.’

पेंटर उठून दारातल्या पायरीवर जाऊन बसला आणि आधीच स्वच्छ असलेले ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुवायला लागला. शिंप्यानं मान बाहेर काढली, रंग बघितला आणि मान आत घेतली.

थोड्या वेळानं बाई चहाचे दोन पेले घेऊन आल्या. एका हातात पेले, दुसरा भिंतीला लावत, सावकाश. पेला त्याच्या हातात दिला आणि शेजारी टेकल्या.

‘तुम्ही माझे डोळे भरून ठेवताय,’ ती म्हणाली. ‘कळतं मला. पण भरलेलं किती दिवस पुरतं? पुढं एखाद्या दिवशी मी इथं बसेन, काही दिसत नसेल, आणि तुम्ही म्हणाल, आठव, तो धबधबा आठव. मी काय आठवणींवर पेन्शन घेतल्यासारखी बसू?’

‘मग करायचं काय?’

‘शिकायचं. दिसत नसताना कसं राहायचं, चालायचं, मजा करायची, ते शिकायचं. आत्ता, डोळे आहेत तोवर. म्हणजे चुकलं तर उघडून बघता येतं.’

‘ते घरी शिक की. त्याला विमान कशाला?’

‘घर मला पाठ आहे. डोळे मिटून इथं मी भाकऱ्यासुद्धा थापीन, त्यात काय शिकणं! मला अशा ठिकाणी जायचंय जिथलं काही म्हणजे काही मला ठाऊक नाही. आणि तिथं डोळे मिटल्यावरही काहीतरी मिळालं पाहिजे. वास, वारा, काहीतरी. नाहीतर शिकायला गोडी कशी लागायची?’ तिनं चहाचा घोट घेतला. ‘आणि मी एकटीनं शिकून उपयोग नाही. तुम्हालाही शिकावं लागेल.’

‘मला काय शिकायचंय? माझे डोळे शाबूत आहेत.’

‘म्हणूनच,’ बाई म्हणाल्या.

पेंटरनं चहा संपवला. मग आत गेला, फडकं भिजवलं, आणि पाटी पुसायला लागला. ओला पिवळा काळ्यावर पसरत गेला. ती मागून म्हणाली, ‘हा बघा, थकलेला पिवळा.’ त्याला हसू आलं नाही, पण राग मात्र उतरला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्यानं शेपूट कापायला सांगितलं. मुलीनं डोळे मोठे केले. ‘काका, लोक वाढवायला येतात हो! धबधबा तरी राहू दे.’

‘नको. फक्त बेट. आणि तिथले दिवस वाढव. जिथं बघायला काही नाही, तिथं जास्त दिवस दे.’

‘बघायला काही नाही असं कसं काका, समुद्र किती सुंदर—’

‘ते तिला सांगू नकोस,’ पेंटर घाईघाईनं म्हणाला. ‘नाहीतर तेही कॅन्सल करेल.’

सफारी झाली, आणि झकास झाली. छत उघडणारी जीप, पिवळं गवत, आणि माणसाला काडीची किंमत न देणारी जनावरं. पेंटर ‘उजवीकडे! उजवीकडे बघ!’ असं ओरडायचा, आणि बाईंची नळी उजवीकडे पोचेपर्यंत हरणं डावीकडे गेलेली असायची. हत्ती मात्र जवळ आला आणि शांत उभा राहिला. तिनं आधी सोंड बघितली, मग कान, मग पाय, मग बऱ्याच वेळानं शेपटी. म्हणाली, ‘मी हत्ती हप्त्याहप्त्यानं घेतला.’ जिराफापाशी मात्र तिनं सगळ्यांना गप्प केलं. जिराफ झाडाचा शेंडा खात होता आणि ती त्याचे ठिपके खात होती. बऱ्याच वेळानं निकाल लागला.

‘आपला फिका होता. आणि कडेला एवढा ठळक नव्हता काढायचा.’

‘कडा माझ्या. रंग तुझा,’ पेंटर म्हणाला.

‘दोघंही नापास,’ बाई म्हणाल्या आणि अगदी खुशीत पाठीमागं रेलल्या.

मग बेट आलं. वास होडीवर खरंच आला, गोडसर, तिखट, नाकाच्या आत कुठंतरी झिणझिण्या आणणारा. खोली साधी, दोन खाटा, खिडकीबाहेर झाडं, आणि झाडांच्या पलीकडे समुद्राचा आवाज. सकाळी बाईंनी बरोबर आणलेली लेकीची ओढणी दुमडून डोळ्यांवर बांधली आणि हात पुढं केला.

‘चला.’

पेंटरनं तिचा दंड धरला आणि दोघं बागेत शिरली. आणि इथं एक गोष्ट उघडी पडली, जी पेंटरला स्वतःबद्दल ठाऊक नव्हती. माणूस बोलका, पण बाई ठेचकाळली की मग तो म्हणायचा, ‘दगड होता.’ ती अडखळली की म्हणायचा, ‘पायरी होती बघ.’ कपाळाला फांदी लागली की म्हणायचा, ‘फांदी होती.’ वाळत घातलेल्या लवंगांच्या चटईवर तिचा पाय पडला, लवंगा चपलेत गेल्या, आणि पेंटर म्हणाला, ‘चटई होती.’

बाईंनी ओढणी कपाळावर सरकवली. ‘तुम्ही मला रस्ता सांगताय की इतिहास?’

‘अगं, दिसल्याबरोबर सांगतोय की!’

‘दिसल्याबरोबर नव्हे हो. होती, होती काय? येतेय म्हणा! माझा पाय पोचायच्या आधी तुमचा शब्द पोचला पाहिजे.’

बागेत काम करणारा एक म्हातारा हे सगळं पाहत होता. त्याला त्यांची भाषा कळत नव्हती, पण नवराबायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. तो हसला, एक पान खुडून चुरगाळलं आणि बाईंच्या हातावर ठेवलं. तिनं पुन्हा ओढणी ओढली आणि नाकाशी नेलं. दालचिनी. दुसरं दिलं, ते तिला ओळखू येईना. तिनं ते पुन्हा पुन्हा हुंगलं, बोटांनी शिरा चाचपल्या, जिभेला लावलं. तिला नाव विचारायचंच नव्हतं. पेंटर शेजारी उभा राहून पाहत होता. जिराफाच्या वेळी होता तोच चेहरा होता तिचा. तोच, फक्त डोळे झाकलेले.

त्याला हायसं वाटलं. आणि लगेच भीतीही वाटली, की हिला जमेल, मलाच जमणार नाही.

संध्याकाळपर्यंत त्यानं तिला एका झाडावर, एका कुंपणावर आणि एका परदेशी पाहुण्यावर नेऊन आदळलं. तिसऱ्या खेपेला तो पाहुणाच ‘सॉरी’ म्हणाला. खोलीवर येऊन पेंटर खाटेच्या कडेवर बसला. ‘माझ्यानं नाही होत. उद्या खरंच वेळ आली, तर मी तुला खड्ड्यात घालीन.’

बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि ती ओढणी त्याच्या डोळ्यांवर बांधली. घट्ट.

‘अगं, हे काय!’

‘उठा. उजेड आहे तोवर.’

पेंटर उठला आणि त्याला कळलं की पायाखालची जमीन ही किती बेभरवशाची गोष्ट आहे. त्यानं तिचा हात असा आवळला की तिच्या बांगड्या रुतल्या. तिची ती नळीएवढी नजर, तिच्यातून ती दोघांचा रस्ता बघत होती. म्हणून ती एकेक गोष्ट फार आधीपासून शोधून ठेवायची, एकदम काही दिसेल यावर तिचा भरवसाच नव्हता.

‘उंबरा येतोय. अजून येतोय. आता आला, उचला. शाब्बास. आता वाळू येईल, पाय रुतेल, घाबरू नका. डावीकडे होडीची दोरी बांधलीय, मी तुमच्या डाव्या अंगाला येते.’

पेंटर चालत होता. तिचा शब्द पुढं जायचा आणि मग त्याचा पाय. आधी तो प्रत्येक पावलाला कासवासारखा मान आत घ्यायचा, मग मान बाहेर राहायला लागली. त्याच्या ध्यानात आलं, ती ‘येतंय’ म्हणते तेव्हा घाबरवत नाही. एखादं माणूस भेटायला येतंय, तसं सांगते. वारा तोंडावर आला, वाळू थंड झाली.

‘तू हे कुठं शिकलीस?’ त्यानं विचारलं.

‘रोज दुकानातून घरी येते तेव्हा. स्वतःलाच सांगत येते. शिडी येतेय, डबा येतोय, शिंप्याची पायरी येतेय.’

पेंटर थांबला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे रोज संध्याकाळी ती शेजारून चालत यायची, गप्प आहे असं त्याला वाटायचं, आणि ती गप्प नसायचीच. त्यानं ओढणी सोडली. उजेड अजून होता, पाण्यावर थोडासा शिल्लक. बाई समोर उभ्या होत्या, केस विस्कटलेले, हातावर बांगड्यांचे वळ. त्यानं त्या वळांवरून अंगठा फिरवला. मग ओढणी झटकली, त्यातली वाळू काढली, आणि तिच्या डोळ्यांवर बांधली. त्याच्या हातानं पहिल्यांदाच.

‘घट्ट झाली का?’

‘नाही. चला.’

आणि पेंटर बोलायला लागला. सुरुवातीला घाबरत, एकेक शब्द मोजून मापून, पाटीवरचं पहिलं अक्षर टाकताना हात हलू नये म्हणून काठीवर टेकवून टाकतात तसं. ‘शिंपला येतोय. बाजूनं जाऊ. दोरी येतेय, उचल पाय, अजून, हां. ओली वाळू येतेय.’ एकदा त्याच्या तोंडून ‘होता’ निघालं, तिनं त्याच्या हाताला चिमटा काढला, आणि पुढचा खड्डा त्यानं चांगला लांबूनच सांगितला. ती सरळ चालत होती. भिंत नसलेल्या मोकळ्या किनाऱ्यावर, दोन्ही हात सोडून, फक्त त्याच्या आवाजावर.

समोरून एक लाट उठली. मोठी नव्हती, पण गुडघ्याला लागेल अशी होती. पेंटरनं तिला वेळेवर पाहिलं.

‘पाणी येतंय,’ तो म्हणाला.

बाई थांबल्या नाहीत. साडी किंचित वर धरली आणि म्हणाल्या, ‘येऊ द्या.’